दारूच्या केसमध्ये जप्त झालेली पिकअप सोडवताना (सातारा)

कृष्णाकाठची

यंदाच्या आखाडात आमच्या घरावर जी वेळ आली ती सविस्तर लिहितेय. त्या तेरा दिवसांत मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत होते, पण मराठीत सलग असं काही हाताला लागलं नाही. निदान पुढच्या माणसाला तरी लागावं.

आमचं गाव साताऱ्यापासून अर्ध्या तासावर. घरची पिकअप आहे, एमएच ११ पासिंग. तीन गावांतलं दूध दोन्ही वेळेला संकलन केंद्रावर पोचवायचं, त्यावर घर चालतं. गाडी धाकटे भाऊजी चालवतात. शनिवारी रात्री मित्रांनी यवतेश्वरच्या वर आखाडाची पार्टी ठरवली होती आणि भाऊजी पिकअप घेऊन गेले. परतताना घाट उतरल्यावर नाकाबंदी लागली. पाऊस होता. ब्रेक उशिरा लागला आणि गाडी बॅरिकेडला घासली. पलीकडं चार पावलांवर एक पोलीस उभा होता. मशीनमध्ये फुंकायला लावलं तर आकडा ११२ आला. मर्यादा ३० ची. मग सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं. गुन्हा दाखल झाला, भाऊजींना दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं आणि गाडी ठाण्याच्या आवारात लागली.

रविवारी आमचे हे आणि मी ठाण्यात गेलो. आमची समजूत अशी की दंड भरला की गाडी मिळेल. तिथल्या अंमलदारांनी नीट सांगितलं, "वहिनी, गाडी गुन्ह्यात जप्त आहे. आता आमच्या हातात नाही, कोर्टाची ऑर्डर आणा." आम्ही बाहेर आलो तर गेटजवळ एक जण भेटला. साहेबांशी ओळख आहे, पाच हजारांत संध्याकाळपर्यंत गाडी देतो म्हणाला. सकाळचं दूध दारात उभं होतं, डोकं चालत नव्हतं. आम्ही त्याला दोन हजार दिले. तो माणूस परत दिसला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण त्या गेटवर आमच्यासारखेच घाबरलेले अजून चार जण उभे होते.

सोमवारी वकील गाठले. त्यांचा पहिला प्रश्न, "आरसी कुणाच्या नावावर?" आणि तिथंच सगळं अडलं. आरसी मामंजींच्या नावावर. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. विमा दरवर्षी भरत होतो, पण नाव बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यात आरसीवर एका पतसंस्थेचा बोजा. ते कर्ज मामंजी असतानाच फिटलेलं, पण बोजा उतरवला नव्हता. आणि पीयूसी मे महिन्यात संपलेली.

वकील म्हणाले, "कोर्ट गाडी देताना एवढंच बघतं की ती कुणाच्या हातात द्यायची आणि तो माणूस ती परत हजर करील का. तुमचा मालकच कागदावर हयात नाही." मग सासूबाईंच्या नावानं अर्ज करायचा ठरला. त्यासाठी मामंजींचा मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची ना हरकत. वारसांत आमच्या नणंदबाई आल्या, त्या विट्याला दिलेल्या. जमिनीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. मी स्वतः एसटीनं विट्याला गेले. दारात उभी राहून सांगितलं, "ताई, गाडीवर हक्क सोडा म्हणायला आले नाही, फक्त आईंच्या ताब्यात द्यायला हरकत नाही एवढं लिहून द्या." त्यांनी चहा ठेवला आणि आधी कागद पूर्ण वाचला. मग सही केली. पतसंस्थेचं ना हरकत पत्र मिळायला मात्र पाच दिवस गेले, कारण जुनं खातं शोधायला लागलं.

कागद पुरे झाल्यावर पुढचं लवकर झालं. अर्ज दाखल झाला, सरकारी वकील आणि तपासी अंमलदारांचं म्हणणं मागवलं गेलं, त्यांनी अटींवर द्यायला हरकत नाही असं लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी ऑर्डर झाली. सासूबाईंनी बंधपत्र लिहून दिलं: केस संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही, कोर्ट बोलावील तेव्हा हजर करायची. गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, इंजिन नंबर आणि चासी नंबर जुळवून बघितले. तेराव्या दिवशी गाडी घरी आली.

तेरा दिवस दूध दुसऱ्याच्या टेम्पोतून घातलं. रोजचे अठराशे रुपये.

शाहूपुरी_३

ताई, मनापासून लिहिलंय म्हणून वाचलं. पण एक विचारतो. ज्यानं पिऊन गाडी चालवली त्याची गाडी लवकर कशी सुटेल हे सांगायचं तरी कशाला? माझ्या चुलत भावाला महामार्गावर वाढे फाट्याच्या पुढं पिलेल्या ड्रायव्हरनं उडवलं. तो पायी चालला होता. त्या ड्रायव्हरची गाडी महिन्याभरात रस्त्यावर आली आणि आमच्या वहिनी अजून तारखेला जातात. तुमच्या बॅरिकेडपाशी तो पोलीस चार पावलं अलीकडं असता तर?

कृष्णाकाठची

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नानं मला त्या रात्रीपासून झोप नाही. तो पोलीस पंचविशीचा असेल. मी त्याला नंतर ठाण्यात बघितलं, त्याच्याशी बोलायचं धाडस झालं नाही.

गाडी सोडवणं म्हणजे भाऊजींना सोडवणं असं मी मानत नाही. गाडी सासूबाईंच्या भाकरीची आहे. केस भाऊजींची आहे, ती त्यांनीच भोगायची. घरात हे पहिल्याच दिवशी ठरलं. मशीन खराब होतं, रक्त उशिरा घेतलं, असलं काही खोटं लढवायचं नाही, हे मी वकिलांनाही सांगितलं. त्यांनी ते ऐकलं.

पोवईनाका_वकील

धागाकर्त्या ताईंनी क्रम बरोबर सांगितलाय. मी याच कामात वीस वर्षं आहे, म्हणून कायद्याची बाजू थोडी मांडतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जाग्यावर तडजोडीनं मिटत नाही. सिग्नल तोडल्यासारखं चलन फाडून विषय संपेल ही समजूत लोकांनी सोडावी, कोर्टात जावंच लागतं. गेटवरचे दलाल याच गैरसमजावर जगतात.

कलम २०२ खाली विनावॉरंट अटक होऊ शकते, आणि अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. गाडीची तात्पुरती व्यवस्था लावायचा अधिकारही त्याच कलमात पोलिसांना दिलाय. म्हणून नुसतं १८५ असेल, अपघात नसेल, तर बऱ्याच ठिकाणी कागद बघून शुद्धीत असलेल्या, परवानाधारक घरच्या माणसाच्या ताब्यात गाडी देतात. पद्धत ठाण्यागणिक बदलते. ताईंच्या केसमध्ये बॅरिकेडला धडक होती, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकारपणे वाहन चालवणं, हेही लागलं असणार. गाडी मुद्देमाल झाली. मुद्देमाल झाला की रस्ता एकच, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

पूर्वी तो अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५१ किंवा ४५७ खाली करायचो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिथं ती कलमं ४९७ आणि ५०३ झाली. मुद्देमाल कोर्टासमोर हजर झालेला असेल तर ४९७, फक्त जप्तीचा अहवाल कोर्टात गेलेला असेल तर ५०३. जुन्या नमुन्यावरून अर्ज टाइप करून आणतात, आत जुनीच कलमं राहतात आणि एक दिवस फुकट जातो. अर्ज दाखल करण्याआधी स्वतः वाचा.

दुसरं, १ ऑक्टोबर २००२ चा सर्वोच्च न्यायालयाचा सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा निकाल. जप्त वाहनं पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं कुजत ठेवण्यात कुणाचंच हित नाही, योग्य बंधपत्र आणि तारण घेऊन, फोटो-पंचनामा करून ती लवकर परत द्यावीत, असं न्यायालयानं त्यात सांगितलंय. आमच्या प्रत्येक अर्जात त्याचा उल्लेख असतो. नव्या संहितेत तर मुदतच घातलीय. मालमत्ता कोर्टासमोर आल्यापासून १४ दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. शाहूपुरी, तुमचा राग मला समजतो. पण गाडी ठाण्यात सडली म्हणून पिणाऱ्याची शिक्षा वाढत नाही. फोटो आणि पंचनामा रेकॉर्डवर असतात, पुरावा जात नाही.

मिरजकर

सर, माझी मोटरसायकल मित्रानं नेली होती, सांगलीहून मिरजेला येताना पकडला. त्यानं दारू घेतलेली, मी घरी झोपलेलो. गाडी माझ्या नावावर. माझ्यावरही केस होते का? आणि अर्ज त्यानं करायचा की मी?

पोवईनाका_वकील

अर्ज तुम्ही करायचा, नोंदणीकृत मालक तुम्ही आहात. गाडी चालवणारा कोण होता याच्याशी गाडीच्या अर्जाचा संबंध नाही. तो पिलेला होता हे तुम्हाला माहीत नव्हतं तर घाबरू नका. मात्र कलम १८८ लक्षात ठेवा. पिऊन गाडी चालवायला चिथावणं किंवा मदत करणं हाही गुन्हा आहे आणि शिक्षा मूळ गुन्ह्याचीच. समोरचा झोकांड्या खात असताना किल्ली हातात दिली तर तुम्हीही अडकता.

त्याचा परवाना आहे ना, आधी ते बघा. आणि विमा चालू आहे का? संपला असेल तर ताबा घेण्याआधी थर्ड पार्टी तरी काढा. विम्याशिवाय रस्त्यावर आणली तर कलम १९६ खाली दोन हजार दंड वेगळा.

निवृत्त_अंमलदार

मी मुद्देमालाचा कारकून म्हणून सहा वर्षं काम केलंय. वकील साहेबांनी कायदा सांगितला, मी ठाण्याच्या आतलं सांगतो.

लोक येतात आणि विचारतात, "आमची पांढरी गाडी कुठंय?" अशा पांढऱ्या गाड्या चाळीस असतात. गुन्हा रजिस्टर नंबर आणि मुद्देमाल नंबर हे दोन आकडे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. तपासी अंमलदार कोण ते विचारा. त्यांचं म्हणणं कोर्टात गेलं नाही तर अर्ज पुढच्या तारखेला जातो, आणि ते बंदोबस्तात असतील तर तुमचे दोन दिवस जातात. आषाढात निम्मं ठाणं वारीच्या बंदोबस्तावर असतं. नम्रपणे भेटून अर्जाची प्रत द्या, एवढं केलं तरी फरक पडतो.

जप्ती पंचनाम्याची प्रत वाचा. त्यात स्टेपनी, जॅक, बॅटरी, टेप, मागचे कॅन, किलोमीटरचा आकडा लिहिलाय का बघा. जे पंचनाम्यात नाही ते ताबा घेताना मागता येत नाही. मी स्वतः पंचनामा नेहमी घरच्या माणसांच्या समोर करायचो, पण रात्री दोन वाजता पावसात तेवढं सगळं नीट लिहिलं जातंच असं नाही, हे मान्य केलं पाहिजे. गाडीत रोकड, कागद, औषधं राहिली असतील तर दुसऱ्याच दिवशी लेखी सांगा.

ऑर्डर झाली की वकिलाच्या मोबाईलवरचा फोटो दाखवून गाडी मिळत नाही. कोर्टाची सही-शिक्क्याची प्रत लागते. ती घेऊन अर्जदारानंच यायचं, ओळखपत्रासह. ताबा पावतीवर सही करायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारा.

गॅरेजवाला_कराड

अंमलदार काकांच्या शेवटच्या वाक्याला जोडून सांगतो. अशा गाड्या आमच्याकडं टोचन लावून येतात, आणि निम्म्या गाड्या मालकानं ठाण्याच्या आवारातच बिघडवलेल्या असतात.

दहा-पंधरा दिवस पावसात उभी राहिलेली गाडी लगेच सेल्फ मारून चालू करू नका. बॉनेट उघडा. उंदरानं वायरिंग कुरतडलंय का बघा. उसाच्या पट्ट्यात ठाण्यांच्या आवारात उंदीर-घुशी भरपूर, आणि वायर उघडी असताना सेल्फ मारला की शॉर्ट झालंच. ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, गाडी चालू करायचीच नाही. बॅटरी उतरलेली असणारच, चार्ज केलेली दुसरी बॅटरी सोबत न्या. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागचे लायनर ड्रमला धरतात. जोर लावून रेस करू नका, चाकाला हलके ठोके देऊन सोडवा. टायरची हवा बघा. डिझेलचा काटा पंचनाम्यातल्या आकड्याशी ताडून बघा.

कृष्णाकाठच्या ताई, पिकअपचा पुढचा बंपर घासलाय म्हणालात. विमा कंपनीकडं क्लेम टाकू नका. चालक दारूच्या अमलाखाली होता तर स्वतःच्या गाडीचं नुकसान पॉलिसीत धरत नाहीत, तशी अटच असते. खरं सांगून क्लेम नामंजूर होईल आणि खोटं सांगितलं तर नवीन गुन्हा.

पोवईनाका_वकील

बरोबर. उलट काही जण म्हणतात, रक्ताचा रिपोर्ट आला नाही तर क्लेम मिळेल. तसंही नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की तपासणी झाली नसली तरी इतर पुराव्यांवरून विमा कंपनी दारूचा अंमल सिद्ध करू शकते.

कृष्णाकाठची

बंपर आम्ही स्वतः केला, दादा. क्लेमचा विचारही केला नव्हता. बॅटरी मात्र खरंच उतरली होती आणि हँडब्रेक धरला होता. तुमचं हे आधी वाचलं असतं तर आमच्या ह्यांनी अर्धा तास रेस केली नसती. लायनर बदलायला लागले.

वडूजची_मुलगी

ताई, वकिलाची फी किती झाली हे विचारलं तर चालेल का? माझ्या वडिलांची रिक्षा अशीच अडकलीय. वडील पीत नाहीत, भाऊ पितो. घरात आत्ता दोन हजारही नाहीत. आईला काही कळत नाही, सगळं मीच बघतेय.

कृष्णाकाठची

आमची साडेसहा हजार झाली, नोटरी आणि तिकिटं धरून. पण थांब बाळा, तुझ्यासाठी वकील साहेबांना विचारते. साहेब, काही मार्ग आहे का?

पोवईनाका_वकील

आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींनाही तसंच. पण इथं अर्ज वडिलांचा, रिक्षा त्यांच्या नावावर आहे ना? मग त्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसावं लागेल, आणि घरात दोन हजार नाहीत म्हणजे बसतील. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका समिती असते. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती देतात. वडिलांना घेऊन जा, सोबत आधार, आरसी, परमिट, आणि गुन्हा नंबर लिहिलेला कागद. रिक्षा आहे, तेव्हा परमिट आणि फिटनेस चालू आहे का ते आजच बघ, नाहीतर ऑर्डर मिळूनही रिक्षा रस्त्यावर आणता येणार नाही.

वडूजची_मुलगी

फिटनेस ऑक्टोबरपर्यंत आहे. उद्याच जाते. आरसी वडिलांच्याच नावावर आहे, बोजा पण नाही. खूप खूप आभार सगळ्यांचे.

शाहूपुरी_३

वडूजच्या ताई, तुमच्या भावाला किल्ली देऊ नका एवढंच सांगतो. रिक्षा सुटल्यावर किल्ली तुमच्याकडं ठेवा, रात्री उशाखाली ठेवा.

कृष्णाकाठच्या ताई, काल जरा तोडून बोललो. तुमचं उत्तर मी वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्या मुलाचा परवाना गेला का ते विचार.

कृष्णाकाठची

वहिनींना सांगा, गेला. परवाना त्याच रात्री जप्त झाला आणि आरटीओकडं पाठवला. निलंबित झालाय. कोर्टात भाऊजींनी गुन्हा कबूल केला, दहा हजार दंड झाला. तो त्यांनी स्वतः भरायचा होता, म्हणून त्यांनी आपली मोटरसायकल विकली.

पोवईनाका_वकील

कलम २०६ मध्ये २०१९ ला जोडलेल्या तरतुदीप्रमाणे १८५ मध्ये परवाना पोलिसांनी घेऊन आरटीओकडं पाठवायचाच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्येच राज्यांना कळवलंय की दारूच्या गुन्ह्यात निलंबन किमान तीन महिन्यांचं हवं. त्या काळात त्यांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पुन्हा सापडले तर दुसरा गुन्हा म्हणून धरलं जाईल.

निवृत्त_अंमलदार

ताई, आरसीचं काय केलं? ते तसंच ठेवलं तर पुढच्या वेळी हीच धावपळ.

कृष्णाकाठची

काका, अजून झालेलं नाही, पण सुरुवात केलीय. नाव बदलायचं म्हणजे बंधपत्रातल्या अटीचा भंग तर होणार नाही ना, हे आधी वकिलांना विचारलं. त्यांनी कोर्टाची परवानगी काढून दिली. मग बोजा उतरवायचा फॉर्म ३५ पतसंस्थेकडून सही-शिक्क्यानं घेतला, आणि मालकाच्या मृत्यूनंतर नाव लावायचा फॉर्म ३१ भरला. मालक गेल्यावर तीन महिन्यांच्या आत नाव लावून घ्यायचं असतं हे मला आत्ता कळलं. आम्ही चार वर्षं घालवली, त्याचा दंड भरावा लागेल. नणंदबाईंची सही पुन्हा लागली. या वेळी त्या स्वतः विट्याहून आल्या, दोन दिवस राहिल्या.

पिकअप सध्या आमचे हे चालवतात. भाऊजी मागं कॅनपाशी उभे असतात. पहाटे चारला निघतात, गावोगावी उतरून कॅन चढवतात. परवा त्या नाकाबंदीच्या जागेवरून जाताना त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. तो तरुण पोलीस त्या दिवशी ड्युटीला नव्हता. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहेत.